जुन्या मुंबईचा फोटो ओळखताना

इमारतीचं नाव लगेच शोधू नका. आधी फोटो उलटा छापलेला नाही ना, ते तपासा. निगेटिव्ह पालथी ठेवली की डावं-उजवं बदलतं. एका फोटोवर मी दोन रविवार घालवले. शेवटी भिंगाखाली दुकानाच्या पाटीवरची अक्षरं उलटी दिसली आणि सगळा उलगडा झाला.

मग रस्त्याकडे बघा. इथेच खरा खजिना असतो. रुळांवर घोड्यांची ट्राम असेल तर फोटो 1874 नंतरचा. वर विजेची तार आणि खाली ट्राम दिसली तर 1907 ते 1964 मधला. राजाबाई टॉवर 1878 मध्ये पूर्ण झाला, गेटवे 1924 मध्ये. काळा घोडा चौकात मूळ पुतळा, म्हणजे घोड्यावर बसलेला सातवा एडवर्ड, दिसत असेल तर फोटो 1965 च्या आधीचा, कारण त्या वर्षी तो तिथून हलवला.

शक्य असेल तर प्रिंट घेऊन त्या जागी जाच. तळमजल्यावरची दुकानं ओळखू येत नाहीत, पाट्या आणि शटरांनी सगळं झाकलेलं असतं. मान वर करा. दुसऱ्या मजल्यावरचे लाकडी सज्जे, सज्ज्यांना आधार देणाऱ्या ब्रॅकेटची नक्षी, कौलांची उतरण बऱ्याचदा तशीच असते. गिरगावात मला एक चाळ अशीच सापडली, नुसत्या कठड्याच्या नक्षीवरून.