उद्या चॅनलवाले आमच्या बचत गटाची मुलाखत घ्यायला येणार आहेत. प्रश्न आधी मागून घ्यावेत का?

मागितले तरी सहसा देत नाहीत, आणि दिले तरी तेच विचारतील याचा भरवसा नाही. विषय काय, लाइव्ह की रेकॉर्ड, आणखी कोणाशी बोलणार, एवढं फोनवर विचारून घ्या. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "गटाच्या अध्यक्षा माझ्या वहिनी आहेत, त्यांना सवय नाही म्हणून मीच बोलणार." मला खरं त्यावर बोलायचंय.

मी औसा तालुक्यातल्या एका गावची सरपंच होते. २०१६ चा उन्हाळा, मांजरा धरण कोरडं ठाक. एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. त्या गाडीमागं दिल्ली-मुंबईचे कॅमेरे आले आणि शहर दाखवून झाल्यावर खेड्यांकडं वळले. आमच्या गावात गाडी शिरली तेव्हा आमचे भाऊजी इस्त्रीचा सदरा घालून तयारच होते. टँकरची वही माझ्याकडं, बोलायला ते. "तू नुसते आकडे सांग, बोलायचं मी बघतो." मग शासन, निसर्ग, बळीराजा, मागच्या निवडणुकीतलं राजकारण, सगळं झालं. कॅमेरा धरून पोराचा हात अवघडला. रिपोर्टर पोरगी होती. तिनं मधेच विचारलं, "सरपंच कोण आहेत?"

"ह्याच. पण मी बोलायलोय ना."

तिनं माईक माझ्याकडं फिरवला. वही उघडीच होती. म्हटलं, टंचाईत माणशी दिवसाला २० लिटर द्यायचं ठरलेलं आहे. आमची माणसं १४००, टँकर १२ हजार लिटरचा, मंजूर खेपा दोन. माणशी सतराच लिटर येतंय, अन् जनावरं त्यात धरलेलीच नाहीत.

नंतर ती म्हणाली, हापशाजवळ रिकामी घागर घेऊन उभ्या राहा. हापसा कधीचाच बंद, तिकडं कोणी फिरकत नव्हतं. मी नाही म्हटलं. टँकर तीनला येतो, तेव्हाची ढकलाढकली घ्या, ती खरी आहे. थांबली बिचारी उन्हात. रात्री बातमीत माझं बोलणं जसंच्या तसं लागलं, आणि मागं भाऊजी, गप्प उभे. त्याच आठवड्यात तिसरी खेप मंजूर झाली. भाऊजी अजून सांगतात, ती त्यांच्या फोनमुळं झाली. असेलही. पण तहसीलमधून "मॅडम, वही घेऊन या" असा फोन मला आला होता.

तर बोलायचं वहिनींनी. टीव्हीवर लागतात पंधरा-वीस सेकंद, त्यात बसेल एवढंच ठरवा आणि आकडा ठेवा. नाव आणि हुद्दा कागदावर लिहून द्या, नाहीतर पट्टीवर भलतंच येतं. कॉलरचा माईक निघेपर्यंत घरातलं काही बोलू नका. "हे छापू नका" हे बोलायच्या आधी कबूल करून घ्यायचं असतं, बोलून झाल्यावर नाही. बातमी आधी दाखवा म्हणू नये, आकडे परत वाचून दाखवा म्हणता येतं. माहीत नसेल तर "बघून सांगते" म्हणायचं आणि खरंच सांगायचं, पेपरवाल्याला तर संध्याकाळच्या आत. पेपरात चुकीचं आलं तर आधी संपादकाला लेखी कळवा. दाद लागली नाही तर दैनिकाविरुद्ध दोन महिन्यांच्या आत प्रेस कौन्सिलकडं जाता येतं. चॅनल मात्र त्यांच्या कक्षेत येत नाहीत.

आणि सवय नाही म्हणजे काय? गटाच्या कर्जाचं बँकेत जाऊन कोण बोलतं? हप्ता थकला की कोणाच्या दारात जाऊन कोण बसतं? तिथं सवय लागते आणि माईक आला की ती जाते कशी, हे मला आमच्या भाऊजींनीही कधी सांगितलं नाही.

एक राहिलं. गटातल्या कोणी सरकारी नोकरीत असतील तर त्यांना कॅमेऱ्यापुढं सरकारवर टीका करायला लावू नका, १९७९ च्या वर्तणूक नियमांत अडकतील. आणि वहिनी स्वतःच नको म्हणाल्या तर गोष्ट वेगळी, जबरदस्ती नको. पण विचारा त्यांना, तुमच्या भावाला नाही.