“मीच तिला खाऊ घालून जाड केलं”

“हिला मीच खाऊ घालून जाड केलं, त्याचंच हे झालं ना हो मॅडम?”

खुर्चीवर नीट टेकायच्या आधीच काकूंनी विचारलं. पलीकडे डे-केअरमध्ये त्यांच्या 26 वर्षांच्या मुलीला हॉजकिन लिम्फोमासाठी, म्हणजे लसिका ग्रंथींच्या एका कर्करोगासाठी, केमो चालू होती. निदान कळल्यापासून काकूंनी घरातलं तूप, भात, साखर सगळं बंद केलं होतं. मुलीला दोन वेळा दुधीचा रस आणि भाजीचं पाणी. 19 वर्षांचा धाकटा मुलगाही अंगानं थोराड, म्हणून त्याचंही ताट निम्म्यावर. तो बाहेर वडापाव खाऊन येतो हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्या धास्तीनं रात्रीची झोप उडाली होती.

हा प्रश्न मला सतत येतो. “छे, तसं काही नसतं” म्हणून तो मिटवायला माझं मन घेत नाही, कारण संबंध आहे. पण केवढा, तेही सांगायला हवं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी 2016 मध्ये लठ्ठपणाशी पक्का संबंध असलेले 13 कर्करोग सांगितले. त्यांत लिम्फोमा नाही. लिम्फोमाचे दोन मुख्य गट, हॉजकिन आणि नॉन-हॉजकिन. डिफ्यूज लार्ज बी-सेल या एका नॉन-हॉजकिन प्रकाराबाबत पुरावा ‘मर्यादित’ मानला गेला. हॉजकिनबद्दल ब्रिटनमध्ये लाखो लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 5 ने वाढला की धोका साधारण 10 टक्क्यांनी वाढतो असं दिसलं. काकूंची मुलगी 160 सेंटिमीटर उंच. तिच्या उंचीला 5 बीएमआय म्हणजे जवळपास 13 किलो. मी कागदावर लिहून दाखवलं: बेताच्या वजनाच्या लोकांत जिथे 10 जणांना हा आजार होईल, तिथे 13 किलो जास्त असलेल्या तेवढ्याच लोकांत 11 जणांना होईल. “त्या अकरांतली तुमची मुलगी कितवी, हे कुठलाच डॉक्टर सांगू शकणार नाही, काकू.”

त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग मी उंचीचं सांगितलं. उंच माणसांत नॉन-हॉजकिन लिम्फोमाचं प्रमाण थोडं जास्त आढळतं, बायकांत आणि पुरुषांतही. उंचीसाठी कुठल्या आईला दोष द्यायचा? वय आणि लिंगाचंही तसंच. नॉन-हॉजकिन उतारवयात वाढतो आणि पुरुषांत अधिक दिसतो. हॉजकिन तरुणपणी गाठतो, मग पुन्हा पंचावन्नच्या पुढे.

“पण मॅडम, आता तर ती बारीक झालीय. लग्नात सगळे म्हणाले, किती छान दिसतेय.”

मी थांबले. फाइलमध्ये होतं: पाच महिन्यांत 78 वरून 68 किलो, कुठलाही डाएट न करता. रात्री गाऊन पिळावा इतका घाम. गळ्याच्या बाजूला न दुखणारी गाठ. सहा महिन्यांत आपोआप वजनाचा दहावा हिस्सा उतरणं हे लिम्फोमाच्या ठळक लक्षणांपैकी एक. जाड मुलगी बारीक होते तेव्हा आपल्याकडे तिचं कौतुक होतं. “न करता कशी काय बारीक झालीस?” असं विचारणारं कुणी भेटत नाही. याचा मला फार त्रास होतो.

भाजीचं पाणी त्याच दिवशी बंद केलं. केमोत वजन उतरवायचं नसतं, शरीराला प्रथिनं लागतात. आहारतज्ज्ञांनी वरण-भात, अंडी, पनीर, मुगाची धिरडी लिहून दिली. हॉजकिन बरा होण्याचं प्रमाण चांगलं आहे, पण त्यासाठी केमोच्या पुढच्या फेऱ्या वेळेवर पार पडायला हव्यात.

मुलाचं मात्र मी वेगळं सांगितलं. विशीच्या आसपासचं जास्त वजन आणि पुढे नॉन-हॉजकिन, यांचा संबंध काही अभ्यासांत दिसलाय. शिवाय साखर आणि रक्तदाब आहेतच. तेव्हा त्याचं वजन उतरवायचंच, पण उपाशी ठेवून नाही. रोज चालणं, घरचं पोटभर जेवण, बाटलीतली थंड पेयं बंद. आणि मान, काख, जांघेत दोन-तीन आठवड्यांत न जाणारी गाठ आली, तर अंगाचा बांधा कसाही असो, लगेच डॉक्टरांकडे.

काकूंनी पदरानं डोळे पुसले, तिथूनच मुलाला फोन लावला. “डब्यात भात ठेवलाय बघ. तूप घालून खा. अर्धा चमचा.”