रोबोट करायचा की शेक घ्यायचे? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, वडील ६१ वर्षांचे, शेती करतात, तंबाखू आत्ता कुठे सुटलीय. उजव्या टॉन्सिलवर अडीच सेंटीमीटरची गाठ, बायोप्सीत कॅन्सर आला. मानेत स्कॅनमध्ये काही दिसलं नाही. एक सर्जन म्हणतात रोबोटिक करू, चिरफाड नाही. दुसरे म्हणतात ऑपरेशनच नको, शेक (रेडिएशन) घ्या. घरात दोन पार्ट्या पडल्यात. काय करावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर: दादा, रोबोट स्वतःहून काही करत नाही हो. सर्जन चार पावलं लांब कन्सोलवर बसून त्याचे हात चालवतात, कॅमेरा आणि दोन बारीक हात तोंडातून आत जातात आणि मनगटासारखे वळतात, म्हणून टॉन्सिल, जिभेचं मूळ असल्या अडचणीच्या जागी नीट पोचता येतं. पूर्वी तिथं जायला बऱ्याचदा ओठ आणि खालचा जबडा मधोमध कापायचे आणि मग प्लेट मारून जोडायचे, ते वाचलं हा खरा फायदा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या वाइनस्टीन आणि ओमॅली या सर्जननी ही पद्धत बसवली, २००९ ला एफडीएनं, म्हणजे औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेनं, परवानगी दिली, ती टी१-टी२ म्हणजे साधारण चार सेंटीमीटरपर्यंतच्या गाठींना. वडिलांची गाठ मापात बसते.

पण 'चिरफाड नाही' हे अर्धंच खरं. मानेतल्या ग्रंथी स्कॅनमध्ये चांगल्या दिसल्या तरी आत बारीक कॅन्सर लपलेला असू शकतो, म्हणून त्या काढायला मानेवर वेगळा काप घेतातच.

आता सर्जनना एकच प्रश्न सरळ विचारा, ऑपरेशननंतर पुन्हा शेक लागायची शक्यता किती? कडेला कॅन्सर राहिला किंवा ग्रंथींमध्ये सापडला तर शेक लागतात, कधी केमोही, म्हणजे वडिलांनी ऑपरेशनही सोसायचं आणि वर तेही. ही शक्यता जास्त दिसत असेल तर पहिल्यापासून शेकच बरे असं माझं मत. शेकही सोपे नाहीत म्हणा. आठवड्याला पाच दिवस असे सहा-सात आठवडे, तोंड सोलवटतं, लाळ आटते, पुढं कित्येक दिवस भाकरी आमटीत कुस्करल्याशिवाय उतरत नाही. आणि सुरू करायच्या आधी दात दाखवून घ्या, किडका दात नंतर काढला तर जबड्याचं हाड सडू शकतं.

दोन्हींची समोरासमोर तुलना करणारी ओरेटर नावाची ट्रायल झाली, पेशंट ६८, निकाल २०१९ ला आला. सगळ्यांना वाटत होतं रोबोटवाले जास्त चांगलं गिळतील, पण वर्षभरानं शेकवाल्यांचेच मार्क किंचित पुढे निघाले, तेही पेशंटला जाणवेल इतके नाहीत. शेकवाल्यांना कानात आवाज, ऐकायला कमी असे त्रास जास्त, ऑपरेशनवाल्यांचं तोंड कमी उघडायला लागलं आणि त्यांच्यातला एक रुग्ण रक्तस्रावानं गेला. फक्त त्यात बहुतेक एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे कॅन्सर झालेले पेशंट होते, तंबाखूवाल्यांना ते आकडे जसेच्या तसे लावू नका.

अजून एक, वडिलांची तीन बोटं उभी तोंडात जातात का बघा. गुटखा, सुपारी खाऊन तोंड आखडलेलं असेल तर रोबोटचे हात आत घालायलाच जागा मिळत नाही, आपल्याकडे कित्येकांचं घोडं इथंच अडतं. आणि ऑपरेशन झालंच तर दोन आठवडे हॉस्पिटलच्या जवळपास राहा, कारण घरी गेल्यावरही रक्त येऊ शकतं. तोंडातून ताजं रक्त आलं की सकाळची वाट बघू नका, लगेच निघा.

प्रश्न: भावजी न्यू जर्सीला असतात, तंबाखू-सिगरेटला कधी हात नाही. जिभेच्या मुळाशी कॅन्सर निघाला, डॉक्टर म्हणाले एचपीव्ही, रोबोटनं काढू. नेटवर वाचून ताईच्या डोक्यात नको ते शिरलंय. – पुणे

उत्तर: ताईंना सांगा, हा व्हायरस शरीरसंबंधातून पसरतो हे खरं, पण तो इतका कॉमन आहे की बहुतेकांना आयुष्यात कधीतरी होऊन आपोआप जातो, थोड्यांच्यात राहतो आणि कॅन्सर वीस-तीस वर्षांनी दिसतो. कधी, कुणाकडून, हे कुणालाच सांगता येत नाही, तेव्हा लग्नाच्या आधीचा हिशेब आज काढण्यात काही अर्थ नाही. अमेरिकेत घशाच्या या भागातले साधारण ७० टक्के कॅन्सर एचपीव्हीचे, म्हणून तिथं रोबोट एवढा चालतो. हा कॅन्सर तंबाखूच्या कॅन्सरपेक्षा उपचारांना चांगला दाद देतो. सर्जननी अशी किती ऑपरेशनं केलीत तेवढं विचारा, लाजू नका, तिथं सगळे विचारतात.

प्रश्न: मामी शिक्षिका, आवाज तीन महिने बसला होता, स्वरयंत्राच्या पट्टीवर अगदी सुरुवातीचा कॅन्सर आहे. रोबोट लागणार नाही म्हणाले, पैशांमुळे का? – नाशिक

उत्तर: नाही हो. तिथं तोंडातून सरळ दुर्बीण घालून लेसरनं काढतात नाहीतर शेक देतात, दोन्हींत बरं व्हायचं प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास आहे. पेशा बोलण्याचा आहे, म्हणून कशात आवाज जास्त टिकेल ते आधी विचारून घ्या. बाकी पैशांचं म्हणाल तर विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयच्या नियमानं आरोग्य विम्यातून रोबोटिक सर्जरी सरसकट वगळता येत नाही, फक्त कंपनी त्यावर वेगळी मर्यादा घालू शकते. ज्यांना लागणार असेल त्यांनी पॉलिसीत 'सब-लिमिट' शोधा, आणि ॲडमिट व्हायच्या आधी शोधा.