चौदा पानांचा सारांश आणि ठोक्याचे पैसे

पत्र, थोडक्यात: "सर, मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावची. एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तालुक्याच्या कोर्टात एका वकील मॅडमकडे शिकायला जाते. आमच्या पक्षकार बाईंचं दुसरं अपील नागपूर खंडपीठात दाखल करायचं आहे. तिथल्या वकिलांसाठी फाईलचा सारांश मला करायला सांगितला. मी चौदा पानं लिहिली. 'यात केस कुठे आहे?' एवढाच शेरा मारून ती परत आली. माझं इंग्रजी कच्चं आहे. बाबा म्हणतात, नुसतं लिहायचंच असेल तर पटवाऱ्याच्या भरतीचा फॉर्म भर. या कामात पुढे काही आहे का?"

प्रिय मुली,

पत्रासोबत तू ती चौदा पानं नावं खोडून पाठवलीस. खोडलीस हे बरं केलंस, पण यापुढे मॅडमना विचारल्याशिवाय तेवढंही कुणाला पाठवू नकोस. पक्षकारानं वकिलाला विश्वासानं सांगितलेली गोष्ट बाहेर जाऊ न देण्याचं बंधन वकिलाच्या कारकुनावर आणि मदतनिसावरही असतं. म्हणून खाली तारखा आणि आकडे मी बदलून लिहितो आहे.

पानं मी दोनदा वाचली. मेहनत दिसते. पण फाईल ज्या क्रमानं बांधली होती त्याच क्रमानं तू लिहीत गेलीस. आधी वादपत्र, मग कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), मग एकेकाची साक्ष, शेवटी निकाल. नागपूरचे वकील पेशीच्या आदल्या रात्री अशा कितीतरी फायली घेऊन बसतात. न्यायमूर्तींनी विचारलं, "वाटणीचा पुरावा काय?", की त्यांना त्याच क्षणी पान सापडलं पाहिजे. सारांश लिहायचा तो त्या क्षणासाठी.

दुसऱ्या अपिलात उच्च न्यायालय सगळा पुरावा नव्यानं तोलत बसत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 प्रमाणे कायद्याचा सारभूत प्रश्न दाखवावा लागतो. त्यामुळे दोन्ही खालच्या कोर्टांनी काय ठरवलं आणि कशाच्या जोरावर ठरवलं, हे पहिल्याच पानावर हवं. तुझ्या फाईलचं पहिलं पान मी असं मांडलं असतं:

बहीण (वादी, आपली पक्षकार) विरुद्ध भाऊ. वडिलोपार्जित वावर 4.05 हे.आर. (हेक्टर-आर, सुमारे दहा एकर).
1998: तोंडी वाटणी झाली, असं भावाचं म्हणणं. कागद नाही.
12-3-2001: वडिलांचा मृत्यू (नि., म्हणजे निशाणी, कोर्टात दाखल कागदाचा क्रमांक, 32).
7-8-2001: वारस फेरफार, एकट्या भावाचं नाव (नि. 35).
14-2-2002: भावानं 0.81 हे.आर. तिसऱ्याला विकलं, नोंदणीकृत खरेदीखत (नि. 41).
2012: बहिणीचा दावा.
2017: दावा फेटाळला. कारण, वडील 9-9-2005 रोजी (मुलीला मुलाइतका हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली तो दिवस) हयात नव्हते.
2024: जिल्हा न्यायालयानं अपील फेटाळलं. कारण, 1998 ची तोंडी वाटणी खरी मानली.

आता हे पान पुन्हा वाच. 2017 च्या निकालावर तू तीन पानं खर्च केलीस. त्या वेळी सर्वोच्च न्यायालयाचा 2015 चा प्रकाश विरुद्ध फुलवती हा निकाल लागू होता, म्हणून दिवाणी न्यायाधीशांनी तसं ठरवलं. पण 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालानं तो मुद्दाच संपला. मुलीचा हक्क जन्मानं, 9-9-2005 रोजी वडील हयात असण्याची गरज नाही. म्हणजे तीन पानांचं एक वाक्य होतं.

उरली तोंडी वाटणी. विनीता शर्मा निकालातच म्हटलं आहे की तोंडी वाटणीचा बचाव सहज मान्य करायचा नाही, सरकारी कागदांचा भक्कम आधार असेल तरच अपवाद म्हणून करायचा. मग प्रश्न पडतो की, 1998 ला वाटणी झाली होती तर 2001 पर्यंत सातबारा वडिलांच्याच नावावर कसा? आणि भावाचं नाव चढलं ते वारस म्हणून, वाटणीनं नाही. हे दोन्ही कागद तुझ्या चौदा पानांत आहेत, पण एक तिसऱ्या पानावर आणि दुसरा अकराव्या. एकाखाली एक आले असते तर शेरा मारणाऱ्याला केस दिसली असती.

आणि आता ते वाक्य, ज्यासाठी मी हे उत्तर इतकं लांबवतो आहे. भावाच्या उलटतपासातून तू बाराव्या पानावर जाता जाता उतरवलं आहेस: "हे म्हणणे खरे आहे की, मी दरसाल ठोक्याचे पैसे वादीला देत होतो." तू पुढे निघून गेलीस. अगं, ठोक्याचे पैसे कुणी कुणाला देतं? दुसऱ्याचं वावर वाहणारा, वर्षाला ठरलेली रक्कम म्हणून, मालकाला देतो. वावर 1998 लाच सगळं भावाचं झालं असतं तर तो बहिणीला ठोका का देत होता? ही कबुली जिल्हा न्यायालयाच्या निकालात कुठेच आली नसेल, तर महत्त्वाचा पुरावा पाहिलाच नाही, हा कायद्याचा प्रश्न होऊ शकतो. निकालपत्र या एका गोष्टीसाठी पुन्हा वाच आणि परिच्छेद क्रमांकासह टीप कर.

उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं, आपल्या तालुक्याचं रेकॉर्ड मराठीत. मधे कुणीतरी 'ठोका' म्हणजे कंत्राट असं भाषांतर करून टाकतं आणि कबुलीचा जीवच जातो. ठोका म्हणजे काय, बटई म्हणजे काय, धुरा कुठे संपतो आणि पांधण कुठे लागते, हे तुला विचारावं लागत नाही. शहरात वाढलेल्या, फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला ते विचारावं लागतं, आणि बहुतेकदा तो विचारतच नाही. तू मूळ शब्द तसाच ठेव आणि पुढे एका ओळीत अर्थ लिही. इंग्रजी कच्चं आहे ते सुधारेल. छोटी वाक्यं लिही. सर्वोच्च न्यायालयाच्या बऱ्याच निकालांची मराठी भाषांतरं न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. रोज एक परिच्छेद दोन्ही भाषांत शेजारी ठेवून वाच.

एक गोष्ट मात्र मला खटकली. 14-2-2002 च्या विक्रीचा तुझ्या सारांशात उल्लेख नाही. मी ती कागदांच्या यादीतून शोधली. आपल्या बाईंना नुकसानीची म्हणून गाळलीस का? 20-12-2004 पूर्वीच्या अशा विक्रीला कायद्यानं संरक्षण दिलं आहे, तेव्हा तेवढे दोन एकर कदाचित हातचे जातील. समोरचा वकील ते खरेदीखत काढणारच. आपल्या वकिलांना ते कोर्टात उभं असताना पहिल्यांदा कळलं, तर उरलेल्या आठ एकरांवरचं त्यांचं बोलणंही डळमळीत होतं. दुबळी बाजू स्वतंत्र मथळा देऊन लिही, ठळक अक्षरात.

मोबाईलवरच्या फुकट एआय ॲपमध्ये फाईल टाकून सारांश काढायचा मोह होईल. पक्षकाराचे कागद तिथे टाकायचे नाहीत. शिवाय ही साधनं अस्तित्वात नसलेले निकाल छातीठोकपणे सांगतात, आणि ठोक्याचं वाक्य त्यांच्याही नजरेतून सुटू शकतं.

बाबांना काय सांगशील? पटवाऱ्याची नोकरी चांगली आहे, फॉर्म भरायला हरकत नाही. पण हे 'नुसतं लिहिणं' नाही, ही अर्धी वकिली आहे. सुरुवातीची दोन-तीन वर्षं पैसा कमी मिळेल, ते त्यांच्यापासून लपवू नकोस. नागपूरच्या ज्येष्ठ वकिलांची कार्यालयं, सरकारी वकिलांचं कार्यालय, विमा कंपन्यांची अपघात दाव्यांची कामं, उच्च न्यायालयासाठी मराठी कागदांचं भाषांतर, या सगळीकडे फाईल वाचून नेमकं सांगणारा माणूस लागतो. न्यायाधीश व्हायचं मनात असेल तर मे 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेला तीन वर्षांची वकिली लागते. ती वर्षं अशाच फायलींत जाऊ देत.

करिअर मार्गदर्शनात येण्याआधी मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी वकिलांच्या कार्यालयात अकरा वर्षं होतो. एकदा निकालाच्या तारखेपासून दिवस मोजून मी मुदत संपली असं ठरवलं आणि विलंब माफीचा अर्ज चार पानं लिहून ठेवला. साहेबांनी काही न बोलता निकालाची कोर्टातून मिळालेली नक्कल उलटी केली आणि मागच्या शिक्क्यावर बोट ठेवलं. अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. नक्कल मिळवण्यात लागलेले दिवस मुदतीतून वगळले जातात. आमचे सहा दिवस शिल्लक होते.

उच्च न्यायालयातल्या अपिलाला हुकूमनाम्यापासून 90 दिवस असतात. तुझ्या पत्रात निकालाची तारीख आहे, शिक्क्याची नाही. तेवढी नक्कल आजच उलटी करून बघ, तीन तारखा पहिल्या पानाच्या डोक्यावर लिही, आणि नवा सारांश तीन पानांत बसवून सोमवारी मॅडमच्या टेबलावर ठेव.