तिथलेच केस का तुटतात?

प्रश्न : ताई नमस्कार. मी साधारण आठ वर्षं केस रिलॅक्स करत होते, म्हणजे रिलॅक्सर नावाचं केमिकल क्रीम लावून कुरळे केस सरळ करत होते, दर दोन-अडीच महिन्यांनी मुळाशी नव्याने आलेल्या केसांना टचअप. आता 11 महिने झाले बंद करून, मूळचे कुरळे केस पाच-साडेपाच इंच आलेत आणि त्याखाली जुने सरळ लोंबतायत. ते दिसायला विचित्र आहे पण चालवून घेतेय. खरा त्रास वेगळाच आहे, टाळूच्या जरा मागे उजवीकडे तळहाताएवढा भाग आहे तिथले केस वाढतच नाहीत, जेमतेम दोन बोटं लांब, हाताला खरखरीत लागतात आणि विंचरलं की तिथूनच बारीक बारीक तुकडे पडतात. विरळही दिसायला लागलाय तो भाग. घरचे म्हणतात सगळं बारीक कापून मोकळी हो, माझी हिंमत होत नाही. मैत्रीण म्हणते तेवढ्याच भागाला परत रिलॅक्सर लाव म्हणजे बाकीच्यांत मिसळून जाईल. मी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू केल्यात आणि रोज रात्री एरंडेल चोळतेय. काय चुकतंय माझं?

उत्तर : एरंडेलाची बाटली जरा बाजूला ठेवा आणि मोजपट्टी घ्या, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट ती दोन बोटं आहेत.

केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात, सव्वा सेंटीमीटर धरा. 11 महिन्यांचे साडेपाच इंच झाले, आणि तुमचे बाकीचे केस बरोबर तेवढेच आलेत. म्हणजे बाकी डोकं आपलं काम चोख करतंय. रिलॅक्सर सोडलेल्या बायकांचे केस बहुतेक वेळा तुटतात ते सांध्यावर, म्हणजे जिथे नवा कुरळा केस संपतो आणि जुना सरळ सुरू होतो तिथे. पण तुमच्या त्या भागातले केस सांध्यावर तुटत असते तर ते पाच इंच तरी राहिले असते ना? ते राहिलेत दीड इंच. म्हणजे तुटतोय तो नवा केस, ज्याला रिलॅक्सर कधी लागलेलाच नाही! म्हणून सगळं खापर जुन्या केमिकलवर फोडून मोकळं होता येणार नाही, तिथे आज काहीतरी चालू आहे.

ते काय हे कळायला एक करा. आठवडाभर त्या भागातून पडलेले वीस-पंचवीस केस आणि तुकडे गोळा करा, कागदावर ठेवा, केस काळे असतील तर पांढऱ्या आणि पांढरे असतील तर गडद कागदावर, आणि चांगल्या उजेडात दोन्ही टोकं बघा. एका टोकाला बारीक पांढरा ठिपका, मुळाची गाठ असेल तर तो केस गळलाय, तुटलेला नाही, आणि दिवसाला 50 ते 100 असे केस कुणाचेही गळतात. दोन्ही टोकं बोथट, कुठे ब्रशसारखी पिंजलेली, मध्ये पांढरट ठिपके, तर तो तुटलाय. डोक्यावर जे आखूड केस उभे आहेत त्यांची टोकंही आरशात बघा, कुणाला तरी मोबाईलवर जवळून फोटो काढायला सांगा. टोक जावळासारखं निमुळतं असेल तर ते केस तुटलेले नसून नव्याने उगवतायत. मग प्रश्नच बदलतो, दीड इंच म्हणजे तीनेक महिन्यांची वाढ, तर त्याच्या आधी तिथले केस गळून का गेले होते ते बघावं लागेल.

आता जागेबद्दल. एका ठराविक जागीच केस तुटतात तेव्हा मी तेलबिल विचारतच नाही, मी विचारते की त्या जागेला दिवसभर काय काय लागतं. तुम्ही उजव्या कुशीवर झोपता का, उशीचा अभ्रा खरखरीत सुती आहे का, क्लचर रोज तिथेच लावता का, अंबाड्याची पिन तिथेच खुपसता का, हेडफोनचा पट्टा तिथून जातो का, आणि गुंता सोडवायला कंगवा पहिल्यांदा कुठे घालता, उजव्या हाताने काम करणाऱ्या बऱ्याच जणी उजवीकडूनच सुरुवात करतात आणि तोवर हात जोरात असतो. माझे स्वतःचे एका बाजूचे केस दीड वर्ष असेच तुटत होते, मी तीन प्रकारचे मास्क लावून बघितले, शेवटी लक्षात आलं की वाचताना मी तीच बट बोटाला गुंडाळत बसते. बायकोचा हात कुठे जातो ते नवऱ्याला आधी दिसतं म्हणतात, माझ्या बाबतीत ते खरं ठरलं. तर तुमच्या घरच्यांना कापायचा सल्ला देण्याआधी दोन दिवस तुमच्याकडे नुसतं बघत राहायला सांगा.

पण हे सगळं करतानाच एक काम लांबवू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून घ्या. तुम्ही सांगितलेली जागा मला आवडलेली नाही, हे स्पष्टच लिहिते. टाळूपासून सुरू होऊन गोल गोल बाहेर पसरणारा एक विकार आहे ज्यात केसाच्या मुळाशी सूज येते आणि हळूहळू तिथे व्रण धरतो, एकदा व्रण धरला की त्या जागी केस परत येत नाही. त्याची सुरुवात कधीकधी नुसते टाळूवरचे केस तुटण्यानेच होते आणि बाई म्हणत राहते की माझे तिथले केस वाढतच नाहीत. खाज, आग, दाबलं की दुखणं, त्वचा गुळगुळीत आणि चकचकीत दिसणं, मुळांची बारीक भोकं न दिसणं, यातलं काहीही असेल तर याच आठवड्यात जा. काहीच नसलं तरी जा, कारण दुखत नाही म्हणून काही नाही असं या विकारात म्हणता येत नाही. कोंड्यासारखे पापुद्रे आणि मुळाशी काळे ठिपके असले तर बुरशीचा संसर्गही असू शकतो, तो लहान मुलांत जास्त पण मोठ्यांनाही होतो आणि नुसत्या शाम्पूने जात नाही, पोटात गोळ्या घ्याव्या लागतात. डॉक्टर भिंगाच्या दिव्याने बघतील, शंका आली तर सुन्न करून 4 मिलीमीटरचा छोटा तुकडा तपासायला घेतील, घाबरण्यासारखं त्यात काही नाही. रक्तात हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, आणि थायरॉइड बघतील.

आणि इथे तुमच्या बायोटिनची गंमत. शरीरात बायोटिनची खरीच कमतरता असणं फार क्वचित, त्यामुळे त्या गोळ्यांनी तुटणारा केस थांबेल असं समजू नका, उलट जास्त डोसचं बायोटिन काही रक्त तपासण्या चुकीच्या दाखवतं, थायरॉइडची त्यातलीच एक. तेव्हा तपासणीच्या आधी डॉक्टरांना गोळ्यांचं नक्की सांगा, किती दिवस बंद ठेवायच्या ते ते सांगतील. एरंडेलाने केस उगवतात याला भक्कम पुरावा नाही. ते चिकट असतं, चोळताना आणि धुताना तिथले कच्चे केस आणखी ओढले जातात. रोज रात्री त्याच जागेवर बोटं घासणं हेसुद्धा घासणंच आहे की! ते आधी बंद करा.

मैत्रिणीचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. रिलॅक्सर केसाच्या आतले गंधकाचे बंध कायमचे तोडतो, त्याचा पीएच बहुतेक वेळा 12 च्या वर असतो, म्हणजे तो फार तीव्र अल्कली असतो. धडधाकट केसालाही तो कमकुवत करूनच सरळ करतो, तिथे आधीच तुटणाऱ्या केसाचं काय होणार. शिवाय त्या भागाची त्वचा आतून सुजलेली असेल तर भाजण्याची भीती वेगळीच.

डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत त्या भागाचे लाड न करता त्याला फक्त सुखाने राहू द्या. केस धुताना डोक्याचे चार भाग करून सैल पिळे घाला, शाम्पू फक्त त्वचेला, कंडिशनर भरपूर आणि गुंता तो कंडिशनर लावलेला असतानाच बोटांनी सोडवायचा, टोकाकडून वर वर येत. ओला केस ताणला जातो आणि पटकन तुटतो म्हणून टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, जुन्या मऊ टीशर्टने दाबून पाणी टिपा. उशीला सॅटिनचा अभ्रा, केस वर बांधायचे तर सैल आणि रोज वेगळ्या जागी, इस्त्री आणि गरम ड्रायर तूर्त बंद. त्या आखूड केसांना चापून बसवण्यासाठी जेल लावून घट्ट बांधण्याचा मोह होईल, तोच नको. भांग दुसऱ्या बाजूला पाडा, झाकलं जाईल. फोटो महिन्यातून एकदाच, त्याच उजेडात आणि त्याच कोनातून. रोज आरशात बघून काहीच कळत नाही, फक्त जीव घाबरा होतो.

राहिलं कापण्याचं. तुमचा त्रास सांध्यावर नाही, त्यामुळे सगळं कापून तो भाग बरा होणार नाही, तो तसाच राहील, फक्त जास्त दिसेल. तेव्हा हिंमत नसेल तर नका कापू, त्यात कमीपणा नाही.

प्रश्न : माझे केस मात्र बरोबर सांध्यावरच तुटतात, सगळीकडून, विशेषतः मागे मानेवर. सात महिने झालेत. प्रोटीन ट्रीटमेंट आठवड्यातून दोनदा करतेय तरी फरक नाही, उलट केस काडीसारखे झालेत.

उत्तर : आठवड्यातून दोनदा? अहो म्हणूनच काडीसारखे झालेत. प्रोटीनने केस कडक होतो, थोडा हवा असतो पण जास्त झाला की वाकायचं विसरतो आणि मोडतो. पुढचे सहा-सात आठवडे प्रोटीन बंद, नुसतं मऊ करणारं कंडिशनर, मग महिन्या-दीड महिन्यातून एकदा पुरे. दुसरं, दर दीड-दोन महिन्यांनी सरळ भाग इंचभर कापत चला, सांध्याखाली जितकं वजन आणि गुंता कमी तितका सांधा टिकतो. आणि कुरळं-सरळ एकसारखं दिसावं म्हणून इस्त्री फिरवण्यापेक्षा सरळ भागालाच वळण द्या, ओल्या केसांचे सैल पिळे घालून तसेच वाळवायचे, मग दोन्ही जुळतात. मानेवरचे केस कॉलर आणि स्कार्फवर घासले जातात तेही बघा.

प्रश्न : माझं रिलॅक्सर नव्हतं, रिबॉन्डिंग होतं. नवे केस आल्यावर पार्लरमध्ये म्हणाले रिलॅक्सरने टचअप करू, लवकर होतं. करू का?

उत्तर : नाही. रिबॉन्डिंगमध्ये बहुतेक थायोग्लायकोलेट नावाचं रसायन असतं, बऱ्याच रिलॅक्सरमध्ये हायड्रॉक्साइड नावाचं वेगळंच, दोघांचं एकमेकांशी जमत नाही. क्रीम नव्या केसाला लावताना थोडं जुन्यावर सांडतंच आणि तिथे केस हातात येतो. दुसरीकडे जा, आणि आधी काय केलंय ते न विचारताच क्रीम कालवायला घेतलं तर खुर्चीतून उठून या.