जुन्या बोलेक्ससाठी लेन्स निवडताना

तुम्ही बोलेक्स एच-१६ हा १६ मिमी फिल्मचा चित्रीकरणाचा कॅमेरा घेतलाच आहे, तर लेन्स शोधण्यापूर्वी तो रिफ्लेक्स (लेन्समधूनच दृश्य दाखवणारा) आहे की नाही, हे पक्के करून घ्या. रिफ्लेक्स बोलेक्समध्ये लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये एक प्रिझम असतो आणि त्याच्या काचेतून जाताना प्रकाशकिरणांचा मार्ग बदलतो. त्यामुळे ५० मिमीपेक्षा कमी फोकल लेंग्थची लेन्स घ्यायची असेल, तर तिच्यावर ‘आरएक्स’ ही, म्हणजे या प्रिझमसाठी बनवल्याची, खूण असलीच पाहिजे. साधी सी-माउंट (१६ मिमी कॅमेऱ्यांच्या आट्यांच्या जोडणीची) लेन्सही बसते, परंतु अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र, पूर्ण उघडल्यावर चित्राची धार बोथट होते. ‘सी-माउंट आहे, चालेल’ या विक्रेत्याच्या शब्दावर म्हणूनच विसंबू नये.

पहिली लेन्स म्हणून मी केर्न या स्विस कंपनीची २५ मिमी एफ १.४ स्विटार सुचवेन. तिच्या व्हिझिफोकस आवृत्तीत अ‍ॅपर्चरची कडी फिरवली की अंतराच्या आकड्यांलगतचे नारिंगी ठिपके वाढतात किंवा कमी होतात, आणि कुठपासून कुठपर्यंत चित्र स्पष्ट येईल, ते हिशेब न करता दिसते. महाग आहे, हे मान्य.

८ मिमी कॅमेऱ्याच्या डी-माउंट लेन्स स्वस्त दिसतात म्हणून मोहात पडू नका. त्यांचे आटे ५/८ इंचाचे, तर सी-माउंटचे १ इंचाचे असतात. शिवाय माउंटपासून फिल्मपर्यंतचे अंतर डी-माउंटमध्ये १२.२९ मिमी, तर सी-माउंटमध्ये १७.५२ मिमी असल्याने अडॅप्टर लावूनही दूरचे दृश्य फोकसमध्ये येणार नाही.

घेण्यापूर्वी लेन्सच्या मागून टॉर्चचा प्रकाश टाकून पाहा. बारीक धूळ चालेल; कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली, तर किंमत कितीही उतरवली तरी परत करा.