'मर्डर बाय डेथ' मुलांना का कळत नाही?

प्रश्न : 'मर्डर बाय डेथ' आम्ही कितव्यांदा पाहिला ते मोजणं सोडलंय. मुलांना दाखवला, तर ती ढिम्म. आधी काही दाखवायला हवं का? (सातारा)

उत्तर : हवं, पण थोडंच. नील सायमनने लिहिलेल्या या १९७६च्या विनोदी रहस्यपटात एका यजमानाच्या घरी जमलेले पाहुणे म्हणजे ओळखीच्या डिटेक्टिव्हांच्या नकला. मिलो पेरिए हा प्वारो आणि जेसिका मार्बल्स ही मिस मार्पल, हे अगाथा ख्रिस्तीच्या रहस्यकथा वाचणाऱ्या मुलांना लगेच कळतं. अडतं ते पुढे. त्यासाठी 'द थिन मॅन' (१९३४) आणि 'द मॉल्टीज फाल्कन' (१९४१) दाखवा. पहिल्यातलं कुत्रा घेऊन फिरणारं ऐटबाज जोडपं इथे डेव्हिड निव्हन आणि मॅगी स्मिथ झालंय. दुसरा न पाहता पीटर फॉक ऐकला, तर हा माणूस उगाच गुरगुरतोय असं वाटतं. तो त्यातल्या डिटेक्टिव्हची, म्हणजे हम्फ्री बोगार्टची, नक्कल करतोय. चार्ली चॅन या जुन्या चित्रपटांतल्या चिनी डिटेक्टिव्हवर बेतलेल्या वँगबद्दल मात्र मुलांशी बोला. चिनी माणसाच्या भूमिकेत मेकअप केलेला पीटर सेलर्स आज खटकतो, आणि खटकायलाच हवा.

प्रश्न : आजीला शेजारी बसून मराठीत सांगते, पण विनोद मरतो. (डोंबिवली)

उत्तर : काही मरणारच. आंधळ्या बटलरचं नाव जेम्सर बेन्सनमम. 'सर' आणि 'मॅम' नावालाच चिकटलेत. पाहुणा 'हाऊ ऑड' म्हणतो, तर तेच याच्या वडिलांचं नाव निघतं! हे भाषांतरात बसत नाही. नाव सांगा आणि पुढे चला.

वँगचं सोपं आहे. तो 'इट' गाळून बोलतो आणि यजमान 'इट! इट!' म्हणून खेकसतो. मराठीत कर्ता गाळला तरी वाक्य शुद्धच राहतं, म्हणून आजी हसत नाहीत. व्याकरण दुसरीकडे चुकवा : वँगला 'फार गोंधळ आहेत' म्हणू द्या, आणि यजमानाला 'आहे! आहे!' असं ओरडू द्या. बटलर आणि ऐकू-बोलता न येणारी स्वयंपाकीण समोरासमोर येतात तेव्हा गप्प बसा. तिची चिठ्ठी त्याला दिसत नाही, त्याचं बोलणं तिला ऐकू येत नाही. सांगायला काही उरतच नाही.

प्रश्न : शेवटी खरं उत्तर कुठलं? धागे जुळत नाहीत. (नागपूर)

उत्तर : जुळवू नका. एकेक डिटेक्टिव्ह येऊन आपली उकल मांडतो, तीही आपल्याला कधी न दाखवलेल्या माहितीवर. ट्रुमन कपोटीने साकारलेल्या यजमानाचा राग नेमका यावरच आहे : तुम्ही शेवटच्या पाच पानांत नवी पात्रं आणता, पुरावे दडवता, मग वाचकाने ओळखायचं कसं? मुखवटे निघतात तेव्हा पुन्हा तेच होतं. तिथे मुलं चिडली, तर समजा चित्रपट बरोबर पोचला.